वादळाच्या आग्नेयेला

वादळांचे फोटो काढते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: कॅमेरा कुठला? माझ्या यादीत कॅमेरा चौथ्या-पाचव्या नंबरावर येतो. पहिला नंबर जागेचा. सुपरसेलच्या, म्हणजे पोटातली चढणारी हवा गोल फिरत असलेल्या मोठ्या वादळाच्या, कुठल्या अंगाला, किती लांब आणि कुठल्या रस्त्यावर आपण उभे आहोत, यावर फोटो मिळणार की नाही हे ठरतं. रात्री धडधाकट मोटेलवर पोचणार की नाही, हेही त्यावरच ठरतं. अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखात, म्हणजे टेक्सासचा वरचा चौकोन, ओक्लाहोमा, कॅन्सस आणि नेब्रास्का इथे, मी आणि माझा धाकटा भाऊ मे-जूनमध्ये वादळांच्या मागे फिरतो. गाडी आणि रडार त्याच्याकडे, आकाश आणि कॅमेरे माझ्याकडे. आमच्यात एकच नियम आहे. दोघांपैकी कुणीही 'निघ' म्हटलं की निघायचं. वाद घालायचा असेल तर तो नंतर, चालत्या गाडीत.

जागेचं एवढं कौतुक का, ते आधी सांगते. या मुलखातली वादळं बहुधा नैऋत्येकडून ईशान्येकडे किंवा पूर्वेकडे सरकतात. सुपरसेलचा पाऊस आणि गारा त्याच्या उत्तर आणि ईशान्य अंगाला पडतात. वर चढणाऱ्या हवेचा खांब, म्हणजे अपड्राफ्ट, असतो नैऋत्येला. त्याच्या खालचा ढगाचा तळ काळा, सपाट आणि कोरडा असतो. टोर्नेडो झालाच तर बहुतेक वेळा याच तळाखाली होतो. तेव्हा तुम्ही वादळाच्या आग्नेयेला उभे राहून वायव्येकडे बघत असाल, तर सगळा तळ समोर उघडा मिळतो आणि त्याच्या मागे पश्चिमेचा उजेड असतो. वादळ जी हवा ओढून घेतं ती तुमच्या पाठीमागून जाते, गरम आणि दमट, पण पावसाशिवाय. लेन्सवर थेंब नाही. वादळ तुमच्या उत्तरेकडून निघून जातं आणि तुमच्यासाठी दक्षिणेचा रस्ता मोकळा राहतो. हेच उत्तरेकडून गाठायला गेलात तर आधी गारांचा पडदा फोडावा लागतो. त्याला कोअर पंच म्हणतात. पडद्यापलीकडे काय आहे हे तो ओलांडल्यावरच कळतं. काही जण मोठ्या हौसेनं करतात. आम्ही करत नाही. साउथ डकोटातल्या व्हिवियन गावात २३ जुलै २०१० रोजी पडलेली गार २० सेंटिमीटर व्यासाची आणि सुमारे ८८० ग्रॅम वजनाची होती. तेवढी नको, तिच्या निम्मीसुद्धा पुढच्या काचेचा भुगा करायला पुरेशी आहे.

आता मे महिन्याच्या शेवटाकडचा एक दिवस सांगते. मुक्काम कॅन्ससमधल्या विचिटाला होता.

सकाळ कागदपत्रांची. ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावात स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे. त्यांचा त्या दिवसाचा अंदाज सकाळी ८ वाजता ताजा होतो, मग साडेअकराला, मग दुपारी ३ ला. धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट आणि हाय. नवख्या माणसाला हाय दिसलं की हुरूप येतो. मला येत नाही. हायच्या दिवशी वादळं ताशी ८०-९० किलोमीटरनं पळतात, पावसात गुरफटलेली असतात, आणि घरंदारं उद्ध्वस्त होण्याची शक्यता खरी असते. फोटोसाठी माझा आवडता दिवस म्हणजे स्लाइट किंवा एन्हान्स्ड. वारे वर जोरात पण सगळीकडे वादळं फुटणार नाहीत, एखाददुसरंच एकटं, सावकाश चालणारं उठेल असा.

त्या दिवशीचं गणित साधारण असं होतं. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी दमट हवा कॅन्ससच्या नैऋत्य कोपऱ्यापर्यंत पोचली होती, दवबिंदू १९-२० अंश सेल्सियस. तिच्या पश्चिमेला न्यू मेक्सिकोकडची कोरडी, तापलेली हवा. दोन्हींच्या सीमेला ड्राय लाइन म्हणतात. जमिनीलगत वारा आग्नेयेचा, पाच-सहा किलोमीटर वर गेलं की पश्चिम-नैऋत्येचा आणि तिप्पट जोराचा. उंचीबरोबर वाऱ्याची दिशा आणि वेग असा बदलला की चढणारी हवा गोल फिरू लागते. सुपरसेलचं मूळ तेच. भानगड फक्त कॅपची होती. जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर गरम हवेचा थर पसरलेला असतो आणि खालची हवा त्याच्याखाली अडकून पडते. थर अगदी पातळ असेल तर दुपारी एकलाच सगळीकडे ढग फुटून खिचडी होते. फार जाड असेल तर दिवसभर कडक ऊन, संध्याकाळी निळंशार आकाश, आणि आपण पाचशे किलोमीटर गाडी हाकून पिझ्झा खाऊन परत. चेझरच्या, म्हणजे वादळांच्या मागे फिरणाऱ्यांच्या, भाषेत बस्ट. आणि या धंद्यात बस्टचेच दिवस जास्त असतात.

सकाळी ७ वाजता सोडलेल्या बलूनची आकडेवारी बघून भाऊ म्हणाला, "ताई, साडेपाचच्या आधी काही फुटत नाही. निवांत जाऊ." टार्गेट ठरलं ग्रीन्सबर्ग. विचिटाहून हायवे ५४ नं प्रॅट, तिथून पुढे पन्नास किलोमीटर.

निघण्याआधीची तयारी थोडक्यात. दोन बॉडी. एकीवर १६-३५ ची वाइड लेन्स, दुसरीवर ७०-२००. उघड्यावर लेन्स बदलायची नाही, कारण वादळाकडे ओढल्या जाणाऱ्या वाऱ्यात धूळ असते आणि ती थेट सेन्सरवर बसते. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं फोनच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवायची. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून ५२०० च्या आसपास ठेवायचा. गारांच्या ढगाला पोटातून जो हिरवट रंग येतो, तो ऑटो मोड चूक समजून पुसून टाकतो. टाकी अर्धी झाली की भरायची, कारण या भागात पुढचा पंप साठ किलोमीटरवर असू शकतो आणि नेमका तिथे वीज गेलेली असते. आणि एक गोष्ट, जी पुस्तकात मिळणार नाही: कॅमेरे एसीच्या झोतात ठेवायचे नाहीत. दवबिंदू २० असताना थंडगार लेन्स बाहेर काढली की काचेवर धुकं चढतं. पुसलं की पुन्हा चढतं. लेन्स बाहेरच्या हवेइतकी गरम होईपर्यंत पाच-दहा मिनिटं हात चोळत बसावं लागतं, आणि टोर्नेडो अनेकदा तेवढाच वेळ टिकतो. म्हणून आमच्याकडे दुपारनंतर एसी बंद, काचा खाली. भाऊ कुरकुरतो.

दुपारी तीनच्या सुमारास ग्रीन्सबर्गला पोचलो. या गावात थांबताना मला नेहमी जरा अवघडल्यासारखं होतं. ४ मे २००७ च्या रात्री इथे ईएफ-५, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचा, टोर्नेडो आला आणि गावाचा सुमारे ९५ टक्के भाग नाहीसा झाला. ईएफ मोजपट्टी त्याच वर्षी फेब्रुवारीत लागू झाली होती. तिच्यावरचा हा पहिला ५. आज गाव नव्यानं बांधलेलं आहे आणि झाडं त्या मानानं अजून लहान वाटतात. अशा ठिकाणी पेट्रोल पंपावर उभं राहून, ट्रायपॉड छपरावर ठेवून, 'आज काही होईल का हो' असं उत्साहानं बोलणं बरं दिसत नाही. लायसन्स प्लेटवर टोर्नेडोची चित्रं लावून, हेल्मेट घालून रस्ताभर आरडाओरडा करणारे चेझर असतात. गावकरी त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघतात ती योग्यच आहे असं माझं मत.

चारनंतर पश्चिमेला ढगांचे बारीक मनोरे उठायला लागले. लांबट, हडकुळे, दहा मिनिटांत विरून जाणारे. यांना टर्की टॉवर म्हणतात. कॅप अजून तुटत नाहीये, पण खालून धक्के बसतायत असा त्याचा अर्थ. पाचनंतर मीड गावाच्या बाजूला एक मनोरा विरला नाही. त्याच्या कडा कापल्यासारख्या तीक्ष्ण झाल्या, आणि वीसएक मिनिटांत वरचं टोक पसरून ऐरण तयार झाली. रडारवर पहिला हिरवा ठिपका नंतर आला. रडारचं चित्र दर चार-सहा मिनिटांनी बदलतं आणि फोनवर येईपर्यंत आणखी शिळं होतं. म्हणून आमच्याकडे डोळे आणि रडार यांच्यात मतभेद झाला तर डोळे जिंकतात.

थोड्याच वेळात उत्तरेला डॉज सिटीकडे दुसरं वादळ उठलं. ते मोठं होतं आणि रडारवर जास्त लालभडक. पंपावरच्या चार-पाच गाड्या तिकडे सुटल्या. आम्ही दक्षिणेचं धरलं. रांगेतल्या सगळ्यात दक्षिणेच्या वादळाला आग्नेयेची दमट हवा सगळ्यांत आधी मिळते आणि ती हवा वाटेत अडवायला कुणी नसतं. उत्तरेच्या वादळाला याचा उष्टा, पावसानं गार झालेला वारा मिळतो. हे गणित दर वेळी बरोबर येतंच असं नाही, पण दोनांत एक निवडायचं असेल तर मी दक्षिणेचं निवडते.

ग्रीन्सबर्गहून हायवे १८३ दक्षिणेला कोल्डवॉटरकडे जातो. आमच्या दृष्टीनं हा रस्ता म्हणजे पळवाट: डांबरी, सरळ आणि दक्षिणोत्तर. त्यावरून थोडं खाली येऊन पश्चिमेकडे जाणाऱ्या एका खडीच्या रस्त्यावर वळलो. कॅन्ससमध्ये शेतांमधून दर मैलावर असे रस्ते चौकटीसारखे काढलेले आहेत. नकाशावर सगळे सारखेच दिसतात. प्रत्यक्षात काहींवर खडी असते आणि काही नुसत्या मातीचे, आणि पाऊस पडला की त्या मातीवर चारचाकी अक्षरशः आडवी होते. आम्ही थांबलो तिथे एक म्हातारा शेतकरी पिकअप घेऊन आला. काच खाली करून त्यानं आधी आमच्याकडे, मग पश्चिमेकडे बघितलं. पुढच्या चौकानंतर खडी संपते, तिकडे जाऊ नका, एवढंच बोलला. पाटी तिथे होतीच, 'मिनिमम मेंटेनन्स रोड', पण गव्हाच्या मागे झाकलेली. मी आभार मानले. तो म्हणाला, फोटो काढा, पण फाटकासमोर गाडी लावू नका, गुरं हलवायला लागली तर माझी अडचण होते.

आम्ही गाडी फाटकापासून लांब, रस्त्याच्या कडेला, तोंड पूर्वेला हायवेकडे करून लावली. इंजिन चालू. जमीन जरा उंचवट्याची, समोर पिवळा पडू लागलेला गहू, आणि उजव्या हाताला विजेच्या खांबांची रांग. खांब मला फ्रेममध्ये नको असतात. भावाला हवे असतात. कारण पुढे येईल.

सहाच्या पुढे वादळाचा तळ स्पष्ट दिसू लागला. अंतर पंधराएक किलोमीटर. इथे नवशिक्यांची घाई होते. टोर्नेडो नाही म्हणून कॅमेरा खाली ठेवतात आणि गाडी आणखी जवळ नेतात. मला स्वतःला सुपरसेलचे सगळ्यात देखणे फोटो याच अंतरावर मिळाले आहेत. जवळ गेलं की तळ डोक्यावर येतो आणि आकार हरवतो. लांबून अख्खा अपड्राफ्ट दिसतो, त्यावर फिरण्यामुळे पडलेले आडवे चरे दिसतात, थरावर थर. या आकाराला चेझर स्ट्रक्चर म्हणतात. तो १६ मिलिमीटरमध्येही मावत नाही, म्हणून कॅमेरा उभा धरून डावीकडून उजवीकडे सात-आठ फ्रेम, प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर एक तृतीयांश चढवून. ढग हलत असतो, त्यामुळे हे दहा-बारा सेकंदांत आटपायचं. एक्स्पोजर मॅन्युअल, फोकस मॅन्युअल आणि फोकसच्या रिंगवर टेप. एफ/८, आयएसओ ४००, शटर १/२५० च्या आसपास. तळाखालच्या उजेडाच्या पट्ट्यावर मीटरिंग करायचं. तो पट्टा एकदा पांढरा फुटला की नंतर काही करता येत नाही. काळा तळ मात्र रॉ फाइलमधून उजळता येतो.

पावणेसातला तळाच्या मागच्या टोकाला ढगाचा एक ठोकळा खाली उतरला. वॉल क्लाउड. पाऊस पडत असलेल्या भागातली दमट, गार हवा पुन्हा आत ओढली जाते आणि ती कमी उंचीवरच ढग बनवते, म्हणून तो बाकीच्या तळापेक्षा खाली लोंबतो. असे लोंबते ढग पुष्कळ असतात आणि त्यातले बरेचसे नुसतेच लोंबतात. बघायचं ते फिरणं. हा फिरत होता. जात्याची वरची पाळी फिरावी तसा, संथ आणि सगळा एकदम, घड्याळाच्या उलट दिशेनं. मी एका खांबाच्या टोकावर नजर ठेवून ढगाचा एक तुकडा मागे जाऊन पुन्हा पुढे येईपर्यंत थांबले. तुकडे वर चढत होते. पाठीवरचा वारा एवढा वाढला की गव्हाच्या ओंब्या सगळ्या वादळाकडे वाकल्या. ट्रायपॉडचे पाय आखडले, मधला दांडा पूर्ण खाली घेतला.

मग वॉल क्लाउडच्या डाव्या बाजूला, मागून, ढगात एक उजळ खाच कापली गेली. मागून खाली उतरणारी हवा ढगाला वाळवत पुढे येते तेव्हा अशी खाच दिसते. ती वॉल क्लाउडभोवती घोड्याच्या नालासारखी वळू लागली की मी बोलणं बंद करते. भाऊ म्हणाला, "ताई, खाली बघ." वर नरसाळं अजून बोटभरच होतं. पण त्याच्या बरोबर खाली, शेतात, मातीचा भोवरा उठला होता. टोर्नेडो तेव्हाच सुरू झालेला असतो. नरसाळं जमिनीला टेकलेलं दिसायलाच पाहिजे असं नाही. मधला भाग फिरत असतोच, फक्त तिथे ढग बनलेला नसतो. वेळ ६:५८. भावानं लगेच ठिकाण, दिशा आणि वेळ हवामान खात्याच्या स्थानिक कार्यालयाला फोनवर कळवली. स्पॉटर म्हणून प्रशिक्षण घेतलेल्यांनी काय सांगायचं ते ठरलेलं असतं: तुम्ही कुठे आहात, कुठे बघताय, काय दिसतंय. 'बाप रे' वगैरे नाही. हे प्रशिक्षण स्कायवॉर्न नावाखाली फुकट मिळतं आणि ते केल्याशिवाय कुणी या नादाला लागू नये असं मला वाटतं.

दोन-तीन मिनिटांत नरसाळं खाली उतरलं. मागे पश्चिमेचा केशरी उजेड, त्यामुळे टोर्नेडो काळाकुट्ट, कातरलेल्या कागदासारखा. ७०-२०० उचलली. वाइडमध्ये टोर्नेडो अगदी किरकोळ दिसतो. आपण बघताना छाती दडपते आणि घरी फोटोत निघतो केसाएवढा. शंभर मिलिमीटरवर उभी चौकट, खाली गव्हाचा पट्टा, वर तळाची कड. कड सोडून नुसता टोर्नेडो घेतला तर तो कशाला लटकलाय ते कळत नाही.

"ताई, तो खांबाजवळच आहे."

मी वर बघितलं. मगाशी टोर्नेडो तिसऱ्या खांबाच्या डावीकडे होता. वादळ पूर्वेकडे जातंय, आम्ही वायव्येकडे बघतोय, तर तो हळूहळू उजवीकडे सरकायला हवा होता. पण खांबाच्या तिथेच होता आणि किंचित जाड दिसत होता. क्षितिजावर उजवीकडेही जात नाही, डावीकडेही जात नाही आणि मोठा होतोय, याचा अर्थ एकच: तो आपल्याकडे येतोय. सुपरसेल जोर धरतं तेव्हा त्याच्या फिरण्यामुळेच ते बाकी वाऱ्यांची दिशा सोडून उजवीकडे वळतं. पूर्वेकडे निघालेलं वादळ आग्नेयेकडे वळलं होतं.

"निघ," तो म्हणाला. ट्रायपॉड न मिटताच मागच्या सीटवर आडवा टाकला.

एवढी घाई कशाला, अंतर तर दहाएक किलोमीटर होतं, असं कुणाला वाटेल. ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ ३१ मे २०१३ ला जे झालं ते माहीत असलेल्या माणसाला असं वाटत नाही. तो टोर्नेडो काही मिनिटांत फुगत जाऊन ४.२ किलोमीटर रुंद झाला. आजवर मोजलेला सगळ्यात रुंद. त्यानं दिशा बदलली, वेगही वाढवला. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यात गेले. हे नवखे नव्हते. टिम समारास टोर्नेडोच्या वाटेत मोजमापाची यंत्रं ठेवणारे, अत्यंत सावध म्हणून ओळखले जाणारे संशोधक होते. त्या घटनेनंतर बऱ्याच चेझरनी आपलं अंतर वाढवलं. काहींनी नाही.

खडीवरून हायवे १८३, आणि हायवेवरून दक्षिणेला. समोरून उत्तरेकडे जाणाऱ्या दोन गाड्या भेटल्या, दिवे लावून, भरधाव. त्यांना काय दिसलं असेल ते त्यांनाच ठाऊक. आठ-दहा किलोमीटरवर पुन्हा एक खडीचा रस्ता पकडला आणि हायवे पूर्ण सोडून आत थांबलो. गाडीचं मागचं चाक डांबरावर ठेवून फोटो काढणाऱ्यांमुळे इथे टोर्नेडोपेक्षा अपघाताची भीती जास्त असते.

आता टोर्नेडो आमच्या उत्तरेला होता आणि उजवीकडे, हायवे ओलांडून पूर्वेकडे निघाला होता. सूर्य आमच्या डाव्या हाताला, वादळाच्या मागून मोकळा झालेला. पाच मिनिटांपूर्वी जो काळा होता तोच आता पांढराशुभ्र दिसत होता, मागे पावसाचा निळा-काळा पडदा. टोर्नेडोला स्वतःचा रंग नसतो. उजेड मागून आला तर काळा, समोरून आला तर पांढरा, आणि खालची माती लाल असली तर पायापाशी लालसर. पांढऱ्या टोर्नेडोचा फोटो मला फार दिवसांपासून हवा होता. तो मिळावा म्हणून काही मी तिथून निघाले नव्हते. वाट सोडून बाजूला झालो तर उजेडाची बाजूही बदलली. शटर १/५०० केला, कारण पायापाशी मातीचे कण उडताना दिसत होते. शेवटाला तो बारीक होत, दोरासारखा वाकडा होत गेला. रोप आउट. तुटण्याआधी मधला भाग जवळजवळ आडवा झाला होता. ७:१४ ला काहीच उरलं नाही. मी शटर सोडलं तेव्हा बोटाला मुंग्या आल्या होत्या.

टोर्नेडो संपला म्हणजे दिवस संपला असं नाही. साडेआठच्या पुढे सूर्य मावळताना ऐरणीच्या पोटाला मॅमेटस लटकले, गोल गोल पिशव्या, खालून तांबडा उजेड. हे फोटो सोपे असतात. वादळ पुढे गेलेलं असतं, हवा शांत असते, लोक गाडीच्या टपावर बसून काढतात. मी काढले, पण घाईनं, कारण विजा अजून पडत होत्या.

चेझरला सगळ्यात जास्त वेळ धोका असतो तो विजेचा. टोर्नेडो दिसतो, टाळता येतो. ऐरणीतून निघणारी वीज वादळापासून पंधरा किलोमीटरवर, डोक्यावर निळं आकाश असतानाही पडू शकते. गडगडाट ऐकू आला की तुम्ही टप्प्यात आहात. अशा वेळी तारेच्या कुंपणाजवळ ट्रायपॉड लावून उभे राहिलेले लोक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. रात्रीचे विजेचे फोटो मी गाडीतून काढते, खिडकीच्या काचेवर बसणाऱ्या क्लॅम्पवर कॅमेरा लावून. गाडी वाचवते ती धातूच्या सांगाड्यामुळे, टायरच्या रबराचा त्यात काही वाटा नाही. त्यामुळे आत बसल्यावर धातूला हात लावायचा नाही. सेटिंग सोपं: आयएसओ २००, एफ/७.१, शटर १५ सेकंद, एकामागून एक. वीज जवळ असेल तर एफ/११. अंधारात शटर उघडाच असतो, वीज स्वतःचा फोटो स्वतः काढते. त्या रात्री कोल्डवॉटरच्या बाहेर असं तासभर बसलो. शंभरावर फ्रेम, त्यातल्या कामाच्या सहा.

घरी आल्यावरच्या कामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, एक सोडून. वादळाच्या फोटोवर कॉन्ट्रास्टचा स्लायडर ओढायचा मोह जबरदस्त असतो आणि कुणीही कुठल्याही ढगाला प्रलयाचं रूप देऊ शकतो. माझी मर्यादा अशी की शेजारी बसलेल्या भावाला फोटो दाखवायचा. तो "असं नव्हतं" म्हणाला की मागे यायचं. चार विजा एका चित्रात जोडल्या तर खाली तसं लिहायचं.

टोर्नेडोचे मूळ फोटो, प्रत्येकाची वेळ, आम्ही उभे होतो त्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि कॅमेऱ्याची दिशा असं सगळं हवामान खात्याच्या कार्यालयाला पाठवलं. दोन जागांवरून एकाच वेळेचे फोटो असतील तर रेषा ओढून टोर्नेडोची वाट काढता येते. उत्तरेकडून कुणीतरी आणखी पाठवले होते. घड्याळं जुळवायची ती यासाठी.

काही दिवसांनी नोंद आली. सुरुवात ६:५८, शेवट ७:१४, लांबी, रुंदी, सगळं. ईएफ मोजपट्टी वाऱ्याचा वेग थेट मोजत नाही. काय मोडलं, किती मोडलं, यावरून वेगाचा अंदाज बांधते. आमचा टोर्नेडो सगळा वेळ गव्हाच्या आणि गुरांच्या कुरणांतून गेला होता. घर नाही, कोठार नाही, झाड नाही. श्रेणीच्या रकान्यात ईएफयू असं लिहिलं होतं, म्हणजे ठरवता येत नाही. भावानं ते वाचलं आणि त्या शेतकऱ्याचं फाटक वाटेत होतं का, हे बघायला नकाशा उघडला. वाट फाटकाच्या उत्तरेला दीड किलोमीटरवरून गेली होती.